आंधळी पाचर

अकोल्याच्या त्या टेबलाचं काम आलं तेव्हा मी अमरावती सोडायचं पक्कं केलं होतं. पक्कं म्हणजे माझ्यापुरतं आणि बायकोपुरतं. दादाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली अकोला जिल्ह्यात झाली आणि ती मुलीला घेऊन अकोल्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला लागली. मी अमरावतीलाच, दादाच्या घरात, वहिनीच्या हातचं जेवत, शनिवारी संध्याकाळी बॅग खांद्याला लावून अकोल्याला आणि सोमवारी सकाळी परत. लग्न झालेला माणूस पाहुण्यासारखा बायकोकडे जातो आणि मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही किती दिवस आहात?" हे ज्याने ऐकलं असेल त्यालाच ते कसं लागतं ते कळेल.

तिच्या घराजवळ एक पिठाची गिरणी बंद पडली होती. लांबट खोली, वर पत्रे, समोर ट्रॅक्टर उभा राहील एवढी जागा, आणि मुख्य म्हणजे थ्री फेजचं मीटर चालू. बायकोने ती पाहून ठेवली होती. मालकाशी बोलूनही ठेवलं होतं. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "एवढं काम झालं की दादाशी बोलतो."

हे वाक्य तिला पाठ होतं. दिवाळीला एका डॉक्टरांच्या पायऱ्यांचं काम होतं, तेव्हा म्हणालो होतो. संक्रांतीला एका मंगल कार्यालयाचा दरवाजा होता, तेव्हाही. ती चिडत नसे, हसत असे, आणि ते जास्त वाईट. म्हणायची, "तुमच्या मुलीचं लग्न निघालं तरी तुम्ही म्हणाल, एवढं काम झालं की येतो."

आमचं काम जुन्या लाकडाचं. कुठे कापसाचं जिन पाडलं, कुठे जुनी शाळा पाडली, कुठे रेल्वेच्या गोदामाचं छप्पर उतरवलं की दादाला फोन येतो. तो जाऊन लाकूड पाहतो, आम्ही ते वलगाव रोडच्या आमच्या शेडमध्ये आणतो, खिळे काढतो, सोलतो, आणि त्यातून मोठमोठ्या वस्तू करतो. लहान वस्तूंच्या आम्ही नादी लागत नाही. टेबलं, दरवाजे, झोपाळे, भिंतभर कपाटं. आता शहरात लोकांना जुन्या सागवानाचं वेड लागलंय. ज्यांच्या बापाने जुनं छप्पर काढून लोखंडी कैच्या टाकल्या, तेच आता तसल्या छपराच्या लाकडाचं टेबल मागतात. आमचं काय जातं, आमचं पोट त्यावरच आहे.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि तो कारखाना चालवत होता. रंधा कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची, जुन्या तुळईत गाडलेला खिळा लाऊडस्पीकरच्या चुंबकाने कसा शोधायचा, हे सगळं त्यानेच शिकवलं. एक गोष्ट सोडून. आंधळी पाचर त्याने मला कधी ठोकू दिली नाही.

ती काय ते सांगतो, कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं. दोन लाकडं जोडायची तर एकाच्या टोकाला जीभ काढतात आणि दुसऱ्यात तिच्या मापाचं भोक पाडतात. साधा सांधा म्हणजे जीभ भोकात बसवली, सरस लावला, झालं. तो सांधा गरज पडली तर मोगरीने ठोकून सोडवता येतो. आंधळ्या पाचरीचं तसं नाही. जिभेला आधी चीर द्यायची, चिरेत पाचर नुसती टेकवायची आणि मग जीभ भोकात ठोकायची. आत जाता जाता पाचर भोकाच्या तळाला लागते, चिरेत घुसते आणि जीभ आतल्या आत फाकते. भोकही आतून थोडं रुंद कोरलेलं असतं. एकदा बसला तो सांधा बसला. लाकूड फोडल्याशिवाय तो निघत नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून आंधळी. आणि आधी बसवून पाहायची सोय नाही. पाचर जाडी झाली तर जीभ अर्ध्यात अडकते, ना पुढे ना मागे. बारीक झाली तर धरतच नाही.

जाडी किती ठेवायची ते दादाला कळतं. मी विचारलं की म्हणायचा, "घाई काय हाय?" पंधरा वर्षं मी दुसऱ्या टोकाला लाकूड धरून उभा होतो. मला त्याचा राग होता. आजही आहे.

टेबल मागवलं होतं बाळापूर रोडच्या एका माळी कुटुंबाने. तिथल्या काकूंनी म्हणजे घरच्या कर्त्या बाईने. डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकण्यापासून सुरुवात केलेली बाई. आता भाजीबाजारात दोन गाळे, मळा, आणि नवं कोरं दुमजली घर. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं. शेजारचं एक बंद जिन त्यांनी जागेसाठी घेतलं आणि त्याच्या छपराच्या कैच्या उतरवून अंगणात रचून ठेवल्या होत्या. जळाऊ म्हणून विकायला काढणार होते, तेवढ्यात कोणीतरी दादाचं नाव सांगितलं.

लाकूड मात्र काय होतं! पंजाच्या दीडपट जाड सागवान. भेगाभेगांत कापूस ठासून बसलेला, बोटाने उकरला की पांढरा धागा निघायचा. पहिल्या रंध्याला सरकीच्या तेलाचा वास सुटला. मी ते छिलपं नाकाशी धरून बसलो तर दादा म्हणाला, "वासच घेऊन राहिला काय बे? काम कर."

काकूंनी सांगितलं ते असं: "आमी टोपल्यावर बसून खाल्लं, चुलीपाशी बसून खाल्लं. आता पाहा. मोठा ताट घेऊन टीव्हीपुढं, मधला पलंगावर, लहाना त्याच्या खोलीत दार लावून. एका घरात ऱ्हाऊन कोनी कोनाचं तोंड पाहत नाई. मले असं टेबल पायजे की सगळे एका टायमाले बसले पायजे. आन मिस्तरी, ऐका, उघडनारं नको. नटबोल्ट नको. उद्या कोनी म्हनन हे माह्या वाट्यात द्या, तर देताच आलं नाई पायजे."

तीन मुलगे समोर उभे होते. मोठे दोघे हसले. लहाना हसला नाही.

दादा म्हणाला, "आंधळ्या पाचरीचे सांधे करून देतो, काकू. फोडल्याबिगर निंगन नाई."

"मी सोता पाह्यन," काकू म्हणाल्या. "एकेक सांधा माह्या डोयापुढं ठोका."

चौदा फूट लांब, पाच फूट रुंद. तयार टेबल दारातून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून जोडणी तिथेच, हॉलमध्ये करायची ठरली. सुटे भाग अमरावतीला तयार करून आम्ही ते छोट्या टेम्पोतून अकोल्याला नेले. उन्हाळा ऐन भरात होता. दादा काकूंच्या गच्चीखालच्या खोलीत राहिला. मी म्हणालो, "आपलं घर हाय ना इथं, चल." तो म्हणाला, "भाड्याच्या घरात पावनपन नाई करत." त्याचं घर ते माझं घर, हे ठीक, माझं घर त्याच्या मते अजून घर झालंच नव्हतं.

मी मात्र बायकोकडे राहिलो. लग्नानंतर इतके सलग दिवस आम्ही तिघंच एका घरात पहिल्यांदा राहिलो. सकाळी मुलीची वेणी मी घालायचो, वाकडी व्हायची, ती कुरकुरत का होईना तशीच खेळायला पळायची. संध्याकाळी कूलरपुढे बसून कलिंगड खायचो. येताजाता त्या गिरणीवरून रस्ता. कुलूप पाहिलं की मी तिथे थांबायचो. एकदा मालकाने हाक मारून आत नेलं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि मशीन कुठे बसवायचं, लाकूड कुठे रचायचं, हे मनातल्या मनात लावून पाहिलं.  मला ती खोली इतकी हवी होती की मला माझीच लाज वाटली.

जोडणी सुरू झाली. काकू खुर्ची टाकून बसायच्या. समोर मेथीची जुडी, निवडणं चालू, नजर आमच्यावर. दादा जिभेला चीर द्यायचा, पाचर टेकवायचा, मी दुसरं टोक रेटून धरायचो, आणि तो मोगरीचे तीन-चार घाव घालायचा. शेवटच्या घावाचा आवाज वेगळा यायचा, भरीव. काकू उठून सांध्यावर कुंकवाचं बोट लावायच्या आणि परत मेथीपाशी.

टेबलाबद्दल दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. एक, दादाने वरच्या फळ्या लांबीत न लावता आडव्या लावायचं ठरवलं. मी विचारलं तर म्हणाला, "जिनाचं लाकूड तुकड्या-तुकड्याचं हाय." ते खरं होतं. दुसरी, मध्ये दोन पाय पुरले असते तिथे त्याने चार केले, दोन-दोन जोडीने, एकमेकांना चिकटून. मी म्हणालो, "एवढे पाय काहून?" तो म्हणाला, "वजन लय हाय." तेही खरं होतं. दादा खोटं बोलत नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं खरं सांगतो.

शेवटचा, मधला सांधा करायची वेळ आली तेव्हा त्याने मला बाजारात स्क्रू आणायला पाठवलं. स्क्रू होते. "हे पितळेचे नाई," तो म्हणाला. उन्हात मी दोन दुकानं फिरून पितळेचे स्क्रू घेऊन आलो तोवर सांधा बसलेला होता आणि त्यावर कुंकूही लागलं होतं. लाकडाचं दुसरं टोक काकूंच्या मधल्या मुलाने धरलं होतं. म्हणजे शेवटच्या सांध्यालाही मी नव्हतो. फार राग आला. त्या दिवशी मी दादाशी बोललो नाही. त्याला ते कळलंही नसावं, कारण तोही माझ्याशी फारसा बोलत नसे.

लहाना मुलगा कधी कधी येऊन बसायचा. त्याला फुलं लावायची होती. तिवस्याजवळ सासऱ्याची जमीन, पाणी बरं, अमरावतीचा बाजार जवळ. तिथे शेडनेट टाकून गुलाब, शेवंती करायची, हे त्याने मला निदान दोनदा सविस्तर सांगितलं. आईला सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी टेबल करून राहिले ना मायसाठी? तेच तिचं उत्तर हाय." मग पायाला हात लावून म्हणाला, "मिस्तरी, हे कवा दारातून निंगन काय?"

"नाही," मी म्हणालो. मला तेव्हा तसंच वाटत होतं. आमच्या दोघांपैकी कोण जास्त अडकलंय, हे काही मला ठरवता आलं नाही.

टेबल पूर्ण झालं. दोन्ही बाजूंना लांब बाकं, तीही जिनाच्याच लाकडाची. तेल चोळल्यावर सागवानाला असा रंग आला की मोठ्या मुलानेसुद्धा मोबाइल खिशात ठेवून हात फिरवून पाहिला. काकूंनी त्याच दिवशी पुरणपोळी केली. आम्हालाही पानावर बसवलं, म्हणजे टेबलावर. सगळं घर बाकांवर आलं. वाढणं झालं. आणि मग जे झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि कपाळावर हात मारावासा वाटतो.

सगळ्यांनी मांडी घातली.

कोणी ठरवून नाही. ताट समोर आलं की पाय आपसूक वर येतात, आमच्याकडे सगळ्यांचेच येतात. माझेही आले. आणि एकामागून एक, ठक, ठक, ठक, सगळ्यांचे गुडघे फळीखालच्या पट्टीवर आपटले. टेबलाच्या फळीखाली चहूबाजूंनी आम्ही जिनाची जाड पट्टी फिरवली होती, तिच्यामुळेच तर ते एवढं भरदार दिसत होतं. पाय खाली सोडून बसलं तर हात-दीड हात जागा. मांडी घातली तर गुडघे अडतात. मधला मुलगा "आई गं" म्हणाला. एका सुनेच्या ताटातली आमटी सांडली. पोरं खदाखदा हसायला लागली.

काकू ताटाकडे पाहत म्हणाल्या, "पाय लोंबकळत ठेवून कोनी जेवते काय? जेवन घशाखाली उतरन काय?"

दादाने आणि मी अमरावतीत बाकावर बसून उंची तपासली होती. दोनदा. दोघंही साहेबासारखे पाय खाली सोडून, ताठ बसलो होतो, कारण टेबल म्हटलं की माणूस तसाच बसतो अशी आमची समजूत. घरी जेवताना आम्ही दोघंही खुर्चीवर मांडी घालून बसतो, आणि ते दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

जेवण कसंतरी झालं, अर्धे लोक आडवे बसून. मग दादा टेबलाखाली वाकला. पट्टी खालच्या अंगाने चार बोटं कापावी लागणार होती, दोन्ही लांब बाजूंना. उताणं झोपून ती जाड पट्टी सरळ कापणं कठीण. टेबल उलटं करून वरून कापलं तर सोपं, पण चौदा फुटांचं ते धूड त्या हॉलमध्ये उलटणार कसं? एका बाजूला खांब, वर पंखे. आणि सोडवता तर येणारच नव्हतं. मी म्हणालो, "फोडावं लागन काय?"

काकू परत मेथी घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या हातातला देठ तसाच राहिला.

दादा उभा राहिला. त्याने मोगरी उचलली, मधल्या जोडपायांपाशी गेला, दोन पायांच्या फटीवर एक निमुळता लाकडी ठोकळा धरला आणि ठोकळ्यावर घाव घातला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन घाव घातला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. चौथ्या-पाचव्या घावाला टेबलाच्या मधोमध, दोन आडव्या फळ्यांच्या मध्ये, एक रेघ उमटली. मग ती रेघ रुंद झाली. दादा म्हणाला, "धर तिकून." मी आणि मधल्याने ओढलं, आणि टेबलाची दोन टेबलं झाली. दोन्ही आपापल्या चार-चार पायांवर धड उभी.

 तेवढ्यात पितळेचे स्क्रू माझ्या लक्षात आले. ते अजून पुडीतच होते.

काकू उठल्या. त्यांनी उघड्या जिभेवरून बोट फिरवलं. त्यांनीच लावलेलं कुंकू सांध्याच्या कडेला होतं. "मिस्तरी, याच्यात पाचर कुठं हाय?"

"नाई घातली, काकू."

"मी सांगतलं होतं."

"हो."

"माह्या डोयापुढं ठोकलं तुमी."

"हो. बाकी सगळ्यात हाय. इथं नाई."

मला वाटलं आता काकू सुरू होतील. त्यांच्या तोंडाचा बाजारभर धाक होता. पण त्या लहान्याकडे पाहत राहिल्या. तो खांबापाशी उभा होता, त्याची बायको त्याच्या मागे, आणि तिने त्याचा शर्ट मागून मुठीत धरला होता. काकूंना तो शर्ट दिसला असावा. त्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या.

आम्ही एकेक अर्ध उलटं करून पट्ट्या कापल्या, घासल्या, तेल लावलं. सगळं होऊन परत जोडायची वेळ आली तेव्हा दादाने खिशातून दोन पाचरी काढल्या. तयार होत्या, कधीपासून कोण जाणे. त्या तळहातावर ठेवून त्याने काकूंपुढे धरल्या. "सांगा. आता घालू?"

तिन्ही मुलगे, तिन्ही सुना, मी, सगळे त्या दोन लाकडाच्या कपच्यांकडे पाहत होतो. काकूंनी मेथीची जुडी उचलली, दोन काड्या निवडल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तशीच लावा."

लहाना बाहेर ओसरीत निघून गेला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेलो तर तो पाठमोरा उभा होता आणि खांदे हलत होते. मी पाणी न पिताच आत आलो.

दुसऱ्या दिवशी हत्यारं भरून आम्ही निघालो. सकाळी मी घरातून बाहेर पडताना बायको दारापर्यंत आली होती, मुलगी तिच्या कडेवर चढून बसली होती, एवढी मोठी झाली तरी. बायकोने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पाहिलं. मी म्हणालो, "आज बोलतो." आणि खरंच बोलणार होतो. कालच्या प्रसंगाने मला बळ आलं होतं. काकूंसारखी बाई "राहू द्या" म्हणू शकते, तर माझा भाऊ का नाही म्हणणार? तो सांधा मोकळा ठेवणारा माणूस तोच तर होता. इतकी वर्षं मी त्याला ओळखलंच नाही असं वाटलं, आणि टेम्पो चालवताना त्याच्याबद्दल फार प्रेम दाटून आलं.

बोरगाव मंजू मागे पडल्यावर मी म्हणालो, "दादा, पाचर काहून नाई घातली?"

तो खिडकीबाहेर पाहत होता. "तिले तीन पोरं हायेत. एखादा निंगनच कवातरी. जाच्या वेळेस करवतीनं कापाले लागू नये."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुह्या तोंडावर दिसते सगळं. काकूले समजलं असतं."

हेही खरं होतं. मी एका ट्रकला वाट दिली. मग म्हणालो, "दादा, मलेई जाचं हाय. अकोल्यात. एक गिरनीची जागा पाह्यली हाय. पोरगी, ती, दोघी तिकडं, मी इकडं. नाई होऊन राहिलं माह्याच्यानं."

म्हणून टाकलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. छाती अशी हलकी झाली की गाडीचा वेग आपोआप वाढला.

दादाने खिडकीची काच अर्धी खाली केली. मग म्हणाला, "जाय ना. तुले कोनं बांधून ठेवलं?"

बस. एवढंच. रागाने नाही, टोमण्याने नाही. साधं. मला वाटलं होतं वाद होईल, वडिलांचं नाव निघेल, वहिनीचं निघेल. मी त्या सगळ्याला उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. दार उघडंच होतं आणि मी खांदा लावून धडक द्यायला निघालो होतो, तसा तोंडावर पडल्यासारखा झालो.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. दादाचा फोन वाजला. परतवाड्याचं कोणीतरी होतं. जुन्या गोदामाच्या तुळया होत्या, त्याचा मोठा झोपाळा आणि दाराची चौकट करायची होती. दादा ऐकत होता, मध्ये मध्ये "किती जाड?", "वाळवी हाय काय?" विचारत होता. मग म्हणाला, "हो, हो. येतो ना. आमी दोघं भाऊ येतो."

फोन ठेवून त्याने चहाचा घोट घेतला. हात किंचित थरथरत होता. तो काही दिवसांपासून थरथरतो आहे हे मी पाहिलं होतं, पण त्याबद्दल आम्ही बोलत नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "झोपाळ्याच्या दांड्याले आंधळी पाचर लागन. ती तू ठोकजो. जाडी किती ठेवाची ते सांगतो तुले."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. शाळेतला पोरगा असल्यासारखा. पंधरा वर्षं मी याची वाट पाहत होतो, दुसऱ्या टोकाला उभा राहून. डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. लगेच हलवली, विचार करायलाही थांबलो नाही. "कवा जाचं?" मी विचारलं.

"सोमवारी."

मी उठून चहाचे पैसे दिले आणि गाडीकडे निघालो, तेव्हा खिशात फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता. बोललात का?

हो, मी लिहिलं.

काय म्हणाले?

जा म्हणाले.

तिने लगेच लिहिलं. खरं? मग गिरणीवाल्याला सांगू? कधीपासून?

दादा टेम्पोत जाऊन बसला होता आणि हॉर्न वाजवत होता. मी उन्हात उभा राहून लिहिलं, परतवाड्याचं एक काम आलंय. तेवढं झालं की.

तिने ते वाचलं. खाली दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. बडनेरा आलं, अमरावती आली, आम्ही हत्यारं उतरवली. मग मी परतवाड्याला काय काय न्यायचं ते काढायला लागलो.